मोटारीच्या दारांतील मूळ स्पीकर बदलताना : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, रविवार

गाडी २०१३ सालची हॅचबॅक आहे. पुढच्या दोन दारांत खाली साडेसहा इंची स्पीकर, आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत छोटे ट्वीटर (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि मागच्या दारांत पुन्हा साडेसहा इंची स्पीकर अशी कारखान्यातून आलेली मांडणी आजवर तशीच राहिली आहे. रेडिओही मूळचाच असून तो बदलायचा नाही, कारण स्टिअरिंगवरची बटणे आणि डॅशबोर्डचा साचा दोन्ही त्याच्याशी बांधलेले आहेत. वेगळा अँप्लिफायरही बसवायचा नाही. त्यामुळे नवे स्पीकर या रेडिओच्या ताकदीला आणि मर्यादेला जुळणारे असले पाहिजेत, ही या कामाची पहिली अट आहे.

गेल्या काही महिन्यांपासून डग्ग्याचा ठोका पडला की डाव्या पुढच्या दारातून खरखर येत होती. आज बॅटरीची ऋण बाजू सोडवून त्या दाराचे पॅड काढले. हँडलच्या खोबणीतील दोन स्क्रू, आरशामागची त्रिकोणी पट्टी आणि कडेच्या क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून बाहेर येते. आतला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइल रबरावर बसवलेला आहे. तो न फाडता अर्धाच सोलून बाजूला धरला, कारण तो पावसाचे पाणी अडवणारा भाग आहे आणि शेवटी जसाच्या तसा परत लावायचा आहे.

स्पीकर हातात आल्यावर खरखरीचे कारण लगेच दिसले. पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या कागदी कोनाच्या, म्हणजे शंकूच्या, कडेची फोमची गोट खालच्या बाजूने जवळजवळ तीन इंच सुटली होती आणि बोट लावताच तिचा भुगा झाला. गोट सुटली की कोन मध्यावर राहत नाही आणि कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, मॅग्नेटच्या फटीत घासू लागते. उजव्या दारातील स्पीकरची गोट अजून अखंड असली तरी दाबल्यावर तीही तडकते. मागचे दोन्ही स्पीकर रबरी गोटेचे असल्यामुळे सुस्थितीत आहेत, त्यांना हात लावणार नाही. जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर शाईने ‘४ ओहम, २० वॅट’ एवढेच छापलेले आहे.

१० मे २०२५, शनिवार

नवे काही विकत घेण्यापूर्वी जुन्याची मोजमापे घेतली. हा दिवस मला सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जुना स्पीकर रेडिओवर कोणता भार टाकत होता हे कळल्याशिवाय नव्याची निवड म्हणजे अंदाजपंचे कारभार होतो.

पहिले मोजमाप साध्या मल्टिमीटरचे. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर टेकवून तारांचा स्वतःचा रोध पाहिला, तो ०.२ ओहम होता. स्पीकरवर ३.६ दिसले, म्हणजे कॉइलचा खरा रोध ३.४ ओहम. उजव्यावरही तेवढाच आला. चार ओहम छापलेल्या स्पीकरवर मीटर चार दाखवत नाही म्हणून तो बिघडला असे समजण्याचे कारण नाही. मीटर बॅटरीच्या एकदिश धारेने मोजतो आणि त्यात फक्त तांब्याच्या तारेचा रोध कळतो. संगीताचा संदेश प्रत्यावर्ती असतो आणि त्याला कॉइलचे प्रेरकत्व (बदलत्या धारेला अडवण्याचा गुंडाळीचा गुण) व कोनाची हालचाल या दोन्हींचा विरोध होतो. या एकत्रित विरोधाला इम्पीडन्स म्हणतात आणि तो वारंवारतेप्रमाणे बदलतो. चार ओहमच्या स्पीकरचा एकदिश रोध साधारण ३.२ ते ३.७ ओहमच्या दरम्यान येतो, हे लक्षात ठेवले तर शिक्का पुसलेल्या स्पीकरचीही ओळख पटते. दोन ओहमच्या आसपास किंवा त्याखाली आकडा आला, तर मात्र पुढे जाण्यापूर्वी थांबायला हवे. काही महागड्या गाड्यांत कारखान्यातूनच वेगळा अँप्लिफायर आणि दोन ओहमचे किंवा त्याहूनही कमी इम्पीडन्सचे स्पीकर येतात. तिथे बाजारातला चार ओहमचा स्पीकर लावला तर काही जळत नाही, पण त्याच व्होल्टेजला शक्ती निम्मी होते आणि आवाज दबका वाटतो.

दुसरे मोजमाप इम्पीडन्सचे. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून १०० ओहमचा एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर आणला, तो स्पीकरच्या ओळीत जोडला आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून शुद्ध साइन तरंग सोडला. रेझिस्टरवरचे आणि स्पीकरवरचे व्होल्टेज पाठोपाठ मोजायचे. दोघांतून जाणारी धारा एकच असल्यामुळे स्पीकरचे व्होल्टेज भागिले रेझिस्टरचे व्होल्टेज, गुणिले शंभर, असे केले की इम्पीडन्स मिळतो. ३०० हर्ट्झला रेझिस्टरवर ०.६४० व्होल्ट आणि स्पीकरवर २५ मिलिव्होल्ट आले, म्हणजे ३.९ ओहम. वारंवारता हळूहळू खाली आणली तेव्हा ८२ हर्ट्झच्या आसपास स्पीकरचे व्होल्टेज झपाट्याने वाढून ८४ मिलिव्होल्टवर गेले आणि रेझिस्टरचे ०.५८० वर उतरले, म्हणजे साडेचौदा ओहम. ही या स्पीकरची अनुनाद वारंवारता. तिथे कोन स्वतःच्या लयीत डोलतो आणि कॉइलमध्ये उलट व्होल्टेज तयार करतो, म्हणून विरोध इतका वाढतो. ही सगळी मापे उजव्या, अखंड स्पीकरवर घेतली. स्वस्त मल्टिमीटरची प्रत्यावर्ती मापे ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाची राहत नाहीत, म्हणून त्याच मर्यादेत थांबलो.

रेडिओसाठी महत्त्वाचा आकडा ३.९ हा आहे. अनुनादानंतरच्या दरीतील हा सर्वांत कमी इम्पीडन्स असतो आणि रेडिओला जास्तीत जास्त धारा तिथेच पुरवावी लागते.

आता ट्वीटर. त्याच्या धन टोकाला एक छोटा, ध्रुव नसलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डाख देऊन जोडलेला आहे आणि त्यावर ४.७ मायक्रोफॅरड असे लिहिले आहे. दोन्ही टोकांवर मीटर लावला तर सर्किट उघडे दिसते, कारण कपॅसिटर एकदिश धारा अडवतो. कपॅसिटरच्या अलीकडे, थेट ट्वीटरच्या पायांवर मोजले तेव्हा ३.३ ओहम मिळाले. ट्वीटर आणि खालचा स्पीकर रेडिओच्या एकाच वाहिनीवर समांतर जोडलेले आहेत. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर म्हणजे दोन ओहम, असा सरळ हिशेब इथे लागू होत नाही. ४०० हर्ट्झला त्या कपॅसिटरचा विरोध जवळजवळ ८५ ओहम असतो, त्यामुळे रेडिओच्या दृष्टीने ट्वीटर तिथे नसल्यासारखाच असतो. तो कामाला लागतो साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास, आणि तोपर्यंत खालच्या स्पीकरच्या कॉइलचे प्रेरकत्व त्याचा स्वतःचा इम्पीडन्स बराच वर नेते. दोघे पाळीने भार उचलतात आणि रेडिओला सर्वत्र चार ओहमच्या आसपासच भार दिसतो. कारखान्यातील अभियंत्याने एका स्वस्त कपॅसिटरमध्ये साधलेली ही व्यवस्था पाहून मनापासून आदर वाटला.

यातूनच एक निर्णय पक्का झाला. मध्यभागी ट्वीटर असलेला कोअॅक्सियल स्पीकर पुढच्या दारांत बसवायचा असेल, तर आरशामागचा मूळ ट्वीटर काढून टाकावा लागेल. दोन्ही ठेवले तर दहा हजार हर्ट्झला प्रत्येकी सव्वापाच ओहमच्या दोन शाखा समांतर येतात आणि भार तीन ओहमच्या बराच खाली उतरतो. त्या पट्ट्यात संगीताची ऊर्जा थोडी असल्यामुळे रेडिओ लगेच जळेल असे नाही, पण झांजा आणि ‘स’कार दोन ठिकाणांहून, दोन वेळा, टोचत राहतील. त्यापेक्षा वेगळा ट्वीटर असलेला कंपोनंट संच बरा.

११ मे २०२५, रविवार

रेडिओच्या वेष्टनावर ‘४ × ५० वॅट’ असे ठळक छापलेले आहे. हा आकडा कुठून येतो ते एकदा नीट मांडून ठेवतो, कारण स्पीकर निवडताना लोक सर्वांत जास्त याच आकड्याच्या मागे लागतात.

अशा रेडिओत प्रत्येक वाहिनीच्या दोन्ही तारा आतल्या अँप्लिफायर चिपमधून उलटसुलट चालवल्या जातात. एक तार वर गेली की दुसरी खाली जाते. म्हणून १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्पीकरच्या दोन टोकांत जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचे शिखर मिळू शकते. साइन तरंगाचे परिणामी मूल्य, म्हणजे शक्तीच्या हिशेबात धरायचे व्होल्टेज, त्याच्या ०.७०७ पट, म्हणजे १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले चार ओहम केला तर २६ वॅट होतात आणि हीसुद्धा आदर्श चिपची गोष्ट आहे. ५० वॅट कधी मिळतात? आवाज इतका वाढवला की तरंगाची शेंडी पूर्ण छाटली जाऊन त्याची चौकोनी लाट बनते तेव्हा : १४.४ चा वर्ग भागिले चार, म्हणजे ५१.८. वेष्टनावरचा आकडा फाटलेल्या आवाजाचा आहे. चिपच्या माहितीपत्रकातही असेच असते. कार रेडिओत सर्रास आढळणाऱ्या टीडीए ७३८८ या चिपचे वर्णन ‘४ × ४५ वॅट’ असे असले, तरी १४.४ व्होल्ट, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के विकृती (मूळ तरंगाचा बिघाड) या अटींवर ती पंचवीस-सव्वीस वॅटच देते. अँप्लिफायर आणि रेडिओंसाठी सीटीए-२००६ हे मानक आहे. त्यात १४.४ व्होल्टवर, चार ओहमच्या भाराला, एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येता मिळणारी शक्तीच छापावी लागते. त्या मानकाचा उल्लेख असेल तरच वेष्टनावरच्या आकड्यांची आपसांत तुलना करण्यात अर्थ आहे.

माझा रेडिओ प्रत्यक्षात किती देतो ते मोजले. ८.२ ओहमचे, दहा वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडून ४.१ ओहमचा नकली भार तयार केला आणि तो डाव्या दारातील स्पीकरच्या प्लगला लावला. वरचा ट्वीटर तसाच जोडलेला होता, पण १०० हर्ट्झला त्याच्या कपॅसिटरचा विरोध ३३९ ओहम असल्यामुळे तो मापात येत नाही. पेनड्राइव्हवर १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन तरंग घेतला, बास-ट्रेबल शून्यावर आणि लाउडनेस (कमी आवाजात काही सूर आपोआप उचलणारी सोय) बंद ठेवला आणि इंजिन चालू ठेवले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. मीटरची दोन टोके स्पीकरच्या दोन तारांवरच लावली. यातली कोणतीही तार गाडीच्या सांगाड्याला टेकता कामा नये, कारण दोन्ही तारा सांगाड्याच्या तुलनेत पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतात आणि एक जरी सांगाड्याला लागली तरी चिपवर थेट शॉर्ट पडतो.

आवाजाच्या २६ व्या पायरीवर ५.६ व्होल्ट, २८ वर ६.७, ३० वर ८.१ मिळाले. प्रत्येक दोन पायऱ्यांना साधारण १.२ पट वाढ होत होती. ३२ वर त्या हिशेबाने ९.७ यायला हवे होते, पण ८.७ च आले. म्हणजे तरंगाची शेंडी तीसच्या पुढे छाटली जाते. ८.१ चा वर्ग भागिले ४.१ म्हणजे १६ वॅट. प्रत्येक वाहिनीला सोळा स्वच्छ वॅट, हे या रेडिओचे खरे भांडवल आहे आणि पुढची सगळी निवड याच आकड्यावर करायची आहे. रेझिस्टर काही सेकंदांतच हात लावू नये इतके तापतात, म्हणून प्रत्येक माप झटपट घेऊन आवाज खाली आणला.

१७ मे २०२५, शनिवार

नाना पेठेत जाऊन आलो. दुकानदाराचा पहिला सल्ला होता, “साहेब, तीनशे वॅटचा घ्या, नंतर तक्रार नको.” तीनशे हा क्षणिक कमाल शक्तीचा आकडा होता. त्याच खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात अखंड शक्ती ५० वॅट दिलेली होती. स्पीकर वॅट निर्माण करत नाही, तो ते सोसतो. सोळा वॅटच्या रेडिओवर पन्नास वॅट सोसणारा स्पीकर पुरेसा सुरक्षित आहे आणि शंभर सोसणारा घेतल्याने आवाज रतीभरही वाढत नाही. उलट जास्त शक्ती सोसण्यासाठी कॉइल आणि कोन जड केलेले असतात, त्यामुळे कमी शक्तीवर असा स्पीकर बहुधा सुस्त वाजतो.

इथे खरे काम करतो तो संवेदनशीलतेचा आकडा, म्हणजे ठरावीक संदेश दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. तीन डेसिबलच्या वाढीला दुप्पट शक्ती लागते. ८७ डेसिबलच्या स्पीकरकडून ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज हवा असेल तर सोळाऐवजी बत्तीस वॅट लागतील, आणि ते माझ्या रेडिओकडे नाहीत. सोळा वॅट म्हणजे एका वॅटच्या वर बारा डेसिबल. ९० डेसिबलचा स्पीकर त्यावर १०२ पर्यंत जातो, बंद गाडीत यापेक्षा जास्त कोणाला हवे असेल असे वाटत नाही.

दोन संच शेवटपर्यंत टिकले. पहिला ३ ओहमचा, संवेदनशीलता ९३ डेसिबल. दुसरा ४ ओहमचा, संवेदनशीलता ९० डेसिबल. दुकानात पहिला सरळसरळ श्रेष्ठ दिसत होता. पण पहिल्याचा आकडा २.८३ व्होल्टवर घेतलेला होता आणि दुसऱ्याचा एका वॅटवर. २.८३ व्होल्ट आठ ओहमला बरोबर एक वॅट देतात, चार ओहमला दोन आणि तीन ओहमला २.६७. म्हणजे पहिल्या स्पीकरला ९३ डेसिबलसाठी २.६७ वॅट लागले आणि एका वॅटवर तो ८८.७ च भरतो. दुसऱ्याला २.८३ व्होल्ट दिले तर त्याला दोन वॅट मिळतात आणि तोही ९३ वर जातो. माझ्या रेडिओवर, एकाच पायरीवर, दोन्ही सारखेच वाजतील. फरक एवढाच की त्याच आवाजासाठी पहिला एकतृतीयांश जास्त धारा ओढेल. ८.१ व्होल्टला चार ओहम दोन अँपिअर घेतात, तीन ओहम २.७. ती जादा धारा चिपमध्ये उष्णता म्हणून साठते, आणि मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे चिप आधीच तापलेली असते.

तीन ओहमचे स्पीकर चुकीचे असतात असे मात्र नाही. जेबीएल आणि इन्फिनिटीच्या काही मॉडेलांत कमी इम्पीडन्सची कॉइल मुद्दाम वापरली जाते, जेणेकरून कारखान्याच्या बारीक तारांचा रोध मिळवूनही रेडिओला योग्य भार दिसावा आणि तेवढ्याच व्होल्टेजला थोडी जास्त शक्ती मिळावी. ज्या रेडिओच्या माहितीपत्रकात दोन ओहमचा भार चालतो असे लिहिलेले असते, तिथे तो पर्याय उत्तम आहे. माझ्या रेडिओच्या पाठीवरच्या पट्टीवर फक्त ‘४ ओहम’ आहे. दुसरा संच घेतला.

त्याच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल परिमाणेही दिली आहेत. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत विस्तारलेले हे गणित स्पीकर कोणत्या पेटीत कसा वाजेल ते आकड्यांत सांगते. दार ही मोजूनमापून केलेली पेटी नव्हे, मोठी आणि गळकी पोकळी आहे. अशा ठिकाणी एकूण क्यू (अनुनादाला कोन किती मोकळा डोलतो त्याचा आकडा) ०.६ च्या आसपास असलेला स्पीकर खालच्या सुरांना नीट धरतो, ०.३ चा कोरडा वाजतो. या संचात तो ०.६२ आहे.

१८ मे २०२५, रविवार

नव्या स्पीकरची मापे जुन्याच पद्धतीने, दारात बसवण्यापूर्वी घेतली. कॉइलचा रोध दोन्हींवर ३.३ ओहम, ३०० हर्ट्झला इम्पीडन्स ३.८, अनुनाद ७१ हर्ट्झला. जुन्याच्या ३.९ शी तुलना करता रेडिओच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. डावा आणि उजवा एकमेकांशी जुळतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

तारांचा प्रश्नही याच दिवशी निकाली काढला. कारखान्याची तार अर्धा चौरस मिलिमीटरची आहे. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.०३४ ओहम असतो. रेडिओपासून दारापर्यंत तीन मीटर आणि परत तीन मीटर धरले तर ०.२ ओहम होतात. चार ओहमच्या भारावर हे नुकसान अर्ध्या डेसिबलच्याही आत राहते. यासाठी दाराच्या रबरी नळीतून आणि जोडणीच्या प्लगमधून नवी तार ओढण्यात काही हशील नाही. मूळ प्लगला बसणारी ॲडॉप्टरची वायर घेतली, म्हणजे कारखान्याच्या तारेला कात्री लावावी लागणार नाही. तिची नवी टोके दाबयंत्राने दाबून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. पिळा मारून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड दमट हवेत टिकत नाही.

ध्रुवता तपासण्यासाठी दीड व्होल्टचा सेल जुन्या स्पीकरला क्षणभर टेकवला. ज्या जोडणीत कोन बाहेर आला त्यात सेलच्या धन टोकाकडचा पाय धन. दोन्हींकडे रुंद पाय धन आणि अरुंद पाय ऋण आहे, तरीही सेलने खात्री करून घेतली. एका बाजूची ध्रुवता उलटली तर दोन दारांतले कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचे सूर जणू कोणी पुसून टाकावेत तसे नाहीसे होतात. महाग स्पीकर लावूनही बास गेला अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हेच पाहायला सांगतो.

२४ मे २०२५, शनिवार

जुन्या स्पीकरची प्लास्टिकची बैठक आणि त्याला उंची देणारी रिंग एकाच साच्यातली होती. नवा स्पीकर ६३ मिलिमीटर खोल आहे आणि काच पूर्ण खाली आल्यावर तिच्या पट्टीपासून मॅग्नेटला जागा हवी, म्हणून १८ मिलिमीटरची रिंग लागणार. बाजारात मिळणाऱ्या एमडीएफच्या रिंगा पावसाळी हवेत फुगतात आणि स्क्रूंची पकड सुटते. सुताराकडे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय उरलेला होता. त्यातून दोन रिंगा कापून घेतल्या, कडांसह तेलरंगाचे दोन हात दिले आणि वाळू दिल्या. बसवण्यापूर्वी काच वरखाली करून मॅग्नेट आणि काचेत बोटभर अंतर राहते याची दोन्ही दारांत खात्री केली.

२५ मे २०२५, रविवार

बसवण्याचे काम आज झाले. यातला मोठा वेळ स्पीकरला नाही, दाराला दिला.

कोनाच्या मागच्या बाजूने निघणारी ध्वनिलहर पुढच्या लहरीच्या बरोबर उलट असते. स्पीकर आणि पत्रा यांत फट राहिली तर खालच्या सुरांत दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. म्हणून रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर अशा दोन्ही जोडांत बंद पेशींच्या फोमची पट्टी लावली. बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूस, स्पीकरच्या नेमक्या समोर, दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याची ब्युटाइल चादर रोलरने दाबून बसवली. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवला तर आधी पिंपासारखा घुमणारा आवाज आता आखूड, बद्द येतो. सगळे दार मढवण्याची गरज वाटली नाही. तळाची पाणी निचरणारी भोके मात्र तारेने साफ करून उघडी ठेवली. काचेच्या रबरातून आत उतरणारे पाणी याच भोकांतून बाहेर पडते, आणि उत्साहाच्या भरात चादर तिथपर्यंत नेली तर दार आतून गंजू लागते.

स्पीकरच्या वर फोमच्या टोपीचा वरचा अर्धा भाग छत म्हणून लावला. पूर्ण टोपी लावली तर कोनामागे फारच छोटी बंद पोकळी तयार होते, अनुनाद वर सरकतो आणि ७१ हर्ट्झचा सगळा लाभ वाया जातो. प्लास्टिकचा पडदा मूळच्या ब्युटाइलवर परत दाबून बसवला. जिथे चिकटपणा कमी झाला होता तिथे नवी ब्युटाइलची दोरी घातली.

१ जून २०२५, रविवार

यंदा मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात पोहोचला, त्यामुळे दारांची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर झाली. आठवडाभराच्या पावसानंतर डावे पॅड काढून पाहिले. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे ओघळ होते, आतली बाजू आणि रिंग कोरडी होती.

आवाजाबद्दल. खालचा आणि मधला पट्टा फार चांगला आहे. डग्ग्याची मींड आता दारातून नव्हे तर समोरून येते आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तार वेगळी ओळखू येते. पण ट्वीटर चढा वाजतो. चिपळ्या आणि टाळ गायकाच्या पुढे येतात. याचे कारण सरळ आहे : मूळ रेडिओचा आवाज कागदी कोन आणि मिणमिणत्या ट्वीटरला साजेसा घडवलेला असतो, त्यात वरचा पट्टा थोडा उचललेला असतो. रेडिओवरचा ट्रेबल दोन पायऱ्या उतरवला तर मागचे स्पीकरही मंदावतात, म्हणून इलाज ट्वीटरवरच करायचा.

ट्वीटरच्या ओळीत एक ओहमचा एकच रेझिस्टर घातला तर आवाज सुमारे दोन डेसिबल उतरतो, पण त्याबरोबर कपॅसिटरला दिसणारा भार चारचा पाच ओहम होतो आणि ट्वीटर कामाला लागण्याची वारंवारता खाली सरकते. म्हणजे एक दुरुस्त करताना दुसरे बिघडते. दोन रेझिस्टरांची जोडी वापरली तर हा दोष राहत नाही. तीन डेसिबल उतरवण्यासाठी चार ओहमच्या ट्वीटरला ओळीत १.२ ओहम आणि समांतर १० ओहम असे गणित येते. १० आणि ४ समांतर म्हणजे २.८६, त्यात १.२ मिळवले की ४.०६. कपॅसिटरला पूर्वीसारखाच चार ओहमचा भार दिसतो आणि रेडिओलाही.

८ जून २०२५, रविवार

पाच वॅटचे रेझिस्टर घेऊन दोन्ही जोड्या कपॅसिटर आणि ट्वीटर यांच्या मध्ये बसवल्या. ते आरशामागच्या पट्टीत मावतात. प्लास्टिकला टेकू नयेत म्हणून काचतंतूच्या नळीत घातले. टाळ आता गायकाच्या मागे, जिथे असायला हवेत तिथे बसले आहेत.

आवाज कुठपर्यंत वाढवायचा याची मर्यादाही ठरवली. रेडिओ तीसच्या पुढे शेंडी छाटतो आणि छाटलेल्या तरंगात वरच्या वारंवारतांची भर पडते, जी कपॅसिटरमधून थेट ट्वीटरवर जाते. ट्वीटर जळतात ते बहुतेकदा याच मार्गाने, सततच्या फाटलेल्या आवाजाने. पेनड्राइव्हवरची गाणी परीक्षेच्या तरंगाइतक्या पूर्ण पातळीवर क्वचितच असतात, तरी घरातल्या सगळ्यांना २८ ची मर्यादा सांगून ठेवली आहे.

६ जुलै २०२५, रविवार

पावसात महिनाभर चालवल्यानंतर दोन्ही पॅड पुन्हा काढले. कॉइलचा रोध दोन्ही बाजूंना ३.३ ओहमच आहे आणि स्पीकरच्या तारांपैकी कोणतीही सांगाड्याशी जोडलेली दिसत नाही. उजव्या रिंगच्या खालच्या कडेला रंगाचा टवका उडाला होता, तिथे पुन्हा हात दिला. डाव्या स्पीकरचे दोन स्क्रू पाव फेरा सैल झाले होते. फोमची पट्टी दबल्यावर हे होणारच, ते आवळले.

मागच्या दारांतील स्पीकर तसेच ठेवले असून आवाजाचा तोल दोन पायऱ्या पुढे सरकवला आहे. त्यांची मापेही आज घेतली : कॉइल ३.५ ओहम, अनुनाद ९० हर्ट्झला, रबरी गोट मऊ आणि अखंड. ते बदलण्याची वेळ येईल तेव्हा चार ओहमचा, एका वॅटला ९० डेसिबलचा आणि ५५ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा कोअॅक्सियल घ्यायचा, कारण मागे वेगळा ट्वीटर नाही आणि मागच्या काचेची पट्टी पुढच्यापेक्षा आत येते. पुढच्या दारातला उजवा जुना स्पीकर आणि दोन्ही मूळ ट्वीटर मापांच्या चिठ्ठीसह खोक्यात ठेवले आहेत.